दूरचं जवळ (भाग सातवा) : कंधारची बेटं

मागच्या आठवड्यात आपण अंदमानला होतो. चेन्नईपासून पोर्ट ब्लेअर आणि इतर बेटांपर्यंत समुद्रतळातून टाकलेली 2,300 किलोमीटरची केबल 10 ऑगस्ट 2020 रोजी सुरू झाली, आणि तोवर उपग्रहाच्या भरवशावर रखडणारं इंटरनेट तिथे धावू लागलं. आज कंधारला येऊ. इथून नांदेड पन्नासेक किलोमीटर. मध्ये समुद्र नाही, पण बालाघाटाच्या कुशीतल्या तांड्यावरच्या बाईला तज्ज्ञ डॉक्टर गाठायचा तर दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडं. आपण अंतर मोजायचं ते यावरून.

शिक्षणात हे अंतर भाई केशवराव धोंडगे यांच्या श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटीसारख्या संस्थांनी गावोगावी शाळा काढून कमी केलं. तरी लग्नात, शेतात, ऊसतोडीत ज्यांची शाळा सुटली ते बाहेरच राहिले. त्यांच्यासाठी 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं. बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीकडे जाता येऊ लागलं. पुस्तकं घरी, सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र. सुरुवातीची कित्येक वर्षं यात इंटरनेट नव्हतंच. अडलं तर विचारायला केंद्रावरचे सर होते, म्हणून गाडी पुढे गेली. करोनाकाळात मुलांच्या हाती नुसता मोबाईल दिला तेव्हा काय झालं, ते प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

आरोग्याचंही तसंच. केंद्र सरकारची ई-संजीवनी 2019 साली सुरू झाली. तिचे दोन प्रकार आहेत. एकात रुग्ण आपल्याच मोबाईलवरून डॉक्टरशी बोलतो. दुसऱ्यात तो उपकेंद्रात जातो; तिथल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम रक्तदाब, साखर तपासतात, माहिती भरतात आणि डॉक्टरला पडद्यावर आणतात. डॉक्टरनं लिहिलेली चिठ्ठी तिथेच निघते. माझं मत स्पष्ट आहे : तांड्याला दुसराच प्रकार उपयोगाचा. पोटातली गाठ पडद्यावरून चाचपता येत नाही, छातीत कळ आली तर गाडीच हवी. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार अंमली गटातली औषधंही अशी लिहून देता येत नाहीत. पण शुगर-बीपीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या नांदेडच्या फेऱ्या यानं नक्की वाचतात. अट एवढीच, की उपकेंद्र उघडं असावं, तिथे माणूस असावा आणि गोळ्याही असाव्यात. रेंजबद्दल सगळे बोलतात, रिकाम्या जागांबद्दल फारसं कुणी नाही. ग्रामसभेत तेही विचारायला हवं.

एका सेवेला मात्र साधा फोन पुरतो. कर्ज, नापिकी, घरातली भांडणं यांनी जीव घुसमटतो तेव्हा हात लावून तपासण्यापेक्षा ऐकणारा माणूस आधी हवा असतो. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली टेली-मानस सेवा त्यासाठीच आहे. ती रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. नंबर 14416. घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.