‘केलं’ की ‘केलंय’? प्रेझेंट परफेक्ट टेन्सची सोपी गोष्ट

इयरफोन लावलेत ना? बघा, ‘लावलेत’ म्हणजे ‘लावले आहेत’. आजचा विषय तुम्ही रोज बोलता. मराठीत त्याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात, इंग्रजीत प्रेझेंट परफेक्ट.

समजा, तुमचा इंटरव्ह्यू चालू आहे. तुम्ही दोन वर्षं एका दुकानाचे हिशोब बघताय आणि आजही तिथेच आहात. तुम्ही म्हणालात, ‘आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स.’ वाक्यात व्याकरणाची चूक नाही. पण समोरच्याला वाटणार, नोकरी सुटली. लगेच पुढचा प्रश्न, ‘का सोडली?’ तुम्हाला म्हणायचं होतं, ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर टू इयर्स.’ एका ‘हॅव’ने सगळा अर्थ बदलला.

आधी वाक्य कसं बनतं ते बघू. आय, यू, वुई, दे यांच्यापुढे ‘हॅव’; ही, शी, इट यांच्यापुढे ‘हॅज’. त्यानंतर क्रियापदाचं तिसरं रूप. गो, वेंट, गॉन यातलं ‘गॉन’. त्यामुळे ‘आय हॅव वेंट’ चूक. नकार द्यायचा तर ‘हॅव नॉट’. प्रश्न विचारायचा तर ‘हॅव’ पुढे आणा: ‘हॅव यू ईटन?’

इथे मराठी माणूस एका ठिकाणी अडखळतो. आपण ‘खाल्लं आहे’ म्हणतो, म्हणून ‘आहे’साठी ‘ॲम’ घालावंसं वाटतं. पण ‘आय ॲम ईटन’चा अर्थ होतो, मला कोणीतरी खाल्लंय! एक सोय मात्र आहे. आपल्याकडे आंबा खाल्लाय, पोळी खाल्लीये, असं रूप बदलतं. इंग्रजीत दोन्हीकडे ‘ईटन’च.

आता वापरायचं कधी? गोष्ट आधी घडली, पण तिचा धागा आत्ताशी जोडलेला आहे, तेव्हा.

पहिलं, परिणाम आत्ता दिसतोय. ‘आय हॅव लॉस्ट माय फोन’ म्हणजे फोन हरवलाय, अजून मिळालेला नाही. ‘आय लॉस्ट माय फोन’ म्हटलं, तर नंतर तो मिळालाही असेल.

दुसरं, आयुष्यातला अनुभव. ‘शी हॅज बीन टू गोवा’ म्हणजे ती गोव्याला जाऊन आलीये. ‘शी हॅज गॉन टू गोवा’ म्हणजे ती गेलीये, अजून परतली नाही.

तिसरं, आधी सुरू झालेलं आजही चालू आहे. इथे आपलं ‘पासून’ घोटाळा करतं. ‘२०२२ पासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’, मराठीत दोन्हीकडे एकच शब्द. इंग्रजीत मात्र सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’. म्हणून ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ऐवजी म्हणा, ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स.’

आता सगळ्यात मोठी गंमत. मराठीत ‘मी काल मेल पाठवलाय’ अगदी सहज चालतं. इंग्रजीत ‘आय हॅव सेंट इट यस्टरडे’ चालत नाही. यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०२०, अशी संपलेली वेळ सांगितली की धागा तुटला. मग साधा भूतकाळ वापरा. ऑफिसमधून विचारलं, ‘कागदपत्रं पाठवलीत का?’ तर उत्तर, ‘आय हॅव सेंट देम.’ कधी? ‘आय सेंट देम यस्टरडे.’

हो, अमेरिकन सिनेमात ‘आय ऑलरेडी एट’ ऐकलं तर गोंधळू नका. ब्रिटिश पद्धतीत जिथे ‘आय हॅव ऑलरेडी ईटन’ म्हणतात, तिथे अमेरिकेत बोलताना साधा भूतकाळही चालतो.

आजचा अभ्यास एवढाच. फोनमध्ये व्हॉइस नोट चालू करा आणि स्वतःबद्दल तीन वाक्यं बोला: कुठे जाऊन आलात, किती वर्षं काय करताय, आज काय संपवलंत. मग ऐका. कुठे ‘यस्टरडे’सोबत ‘हॅव’ घुसलंय का? सापडलं तर हसा आणि पुन्हा रेकॉर्ड करा. इंटरव्ह्यूपेक्षा ही चूक फोनवर झालेली बरी.

भेटू पुढच्या भागात!