समुद्रकाठचं किबुत्झ आणि बनवलेला दगड
सामूहिक जगण्याचे प्रयोग : लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण देगान्याला होतो. १९१० साली गॅलिलीच्या तळ्याकाठी उभं राहिलेलं ते पहिलं किबुत्झ, म्हणजे सामूहिक वसाहत, शेतीवर वाढलं. आजच्या वसाहतीला शेतीचा तेवढा आधार नव्हता. तिचं नाव स्दोत याम. तेल अवीव आणि हैफा यांच्या मधल्या किनाऱ्यावर, हेरोद राजाच्या कैसरिया बंदराच्या अवशेषांना ती अगदी लागून आहे.

१९३६ साली हैफाजवळ तरुणांचा एक गट मासेमारीवर जगायचं ठरवून एकत्र आला आणि १९४० मध्ये या वाळवंडीत येऊन वसला. मिळकत सगळ्यांची एक, मुदपाकखाना एक, धुलाईघर एक. युरोपातून पळून येणाऱ्या ज्यूंना तिथल्या तेव्हाच्या ब्रिटिश सत्तेची नजर चुकवून किनाऱ्यावर उतरवण्याच्या कामातही ही वसाहत होती. हंगेरीत जन्मलेली हाना सेनेश १९४१ मध्ये इथे आली. स्वयंपाकघरात आणि धुलाईघरात राबता राबता ती कविता लिहीत होती. १९४४ मध्ये युद्धातल्या एका मोहिमेवर ती पॅराशूटने युगोस्लाव्हियात उतरली, हंगेरीच्या सीमेवर पकडली गेली आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला बुडापेस्टमध्ये तिला गोळ्या घालण्यात आल्या. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती.

स्दोत यामचं अर्थकारण खरं पालटलं ते १९८७ मध्ये, ‘सीझरस्टोन’ या कारखान्याने. कुटलेल्या क्वार्ट्झमध्ये थोडं रेझिन आणि रंग मिसळायचा, हवा काढून घेऊन मिश्रण कंपनाखाली दाबायचं, मग तापवून घट्ट करायचं. तयार होते तीन मीटर लांब आणि जवळपास दीड मीटर रुंद लादी. गंमत म्हणजे याच किनाऱ्यावर दोन हजार वर्षांपूर्वी हेरोदाच्या कारागिरांनी इटलीहून ज्वालामुखीची राख आणवून पाण्याखाली घट्ट होणारं काँक्रीट ओतलं होतं. आपल्याकडे कडप्प्याच्या ओट्याची जागा आधी ग्रॅनाइटने घेतली आणि आता पुण्या-मुंबईच्या नव्या फ्लॅटांत क्वार्ट्झचा ओटा दिसतो, तो याच जातीचा माल.

वेळही मोक्याची होती. १९८४ मध्ये इस्रायलमधली महागाई वर्षाला चारशे टक्क्यांच्या पुढे गेली. १९८५ मध्ये सरकारने कडक उपाय केले, व्याजदर चढले आणि कर्जावर चाललेली असंख्य किबुत्झं गाळात रुतली. पुढे बहुतेकांनी सगळ्यांना सारखा वाटा देणं सोडलं. स्दोत यामच्या हाती मात्र जगभर खपणारा माल होता. कारखाना इतका वाढला की सभासदांचे हात पुरेनात, पगारी कामगार आले. २०१२ मध्ये कंपनी अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात नोंदली गेली. खासगी मालमत्ता नाकारून सुरू झालेल्या वसाहतीच्या कंपनीचे समभाग न्यूयॉर्कमध्ये विकले जाऊ लागले, आणि यात मला ढोंग दिसत नाही. पोट भरायला समुद्र पुरा पडला नाही, म्हणून माणसांनी दुसरा मार्ग काढला.

माझा आक्षेप वेगळा आहे. या लादीत नव्वद टक्क्यांपर्यंत सिलिका असते. सिंकसाठी भोक पाडताना कारागीर ती कोरडी कापतो, तेव्हा उडणारी बारीक धूळ थेट फुप्फुसात जाऊन बसते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर औषध नाही. पाणी सोडून कापलं, धूळ ओढणारी यंत्रणा आणि चांगला मास्क वापरला तर धोका कमी होतो; पण छोट्या वर्कशॉपांत हे कोण पाहणार? १९९७ ते २०१० या काळात असा दगड कापणारे पंचवीस रुग्ण फुप्फुस बदलता येईल का, या तपासणीसाठी इस्रायलमधल्या एकाच रुग्णालयात आले. ती नोंद २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, कंपनी बाजारात आली त्याच वर्षी. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदीच घातली. किबुत्झच्या ताळेबंदात सभासदाचं आजारपण, म्हातारपण, मुलांचं शिक्षण सगळं धरलेलं असतं. त्यांचाच दगड कापणारा हा कारागीर त्यात कुठेच नव्हता. समतेच्या प्रयोगाची ही उणीव मला सर्वांत मोठी वाटते.

दरम्यान स्वस्त आशियाई मालाने स्पर्धा वाढवली. २०२० मध्ये सीझरस्टोनने गुजरातमधल्या मोरबीच्या ‘लिओली’ या सिरॅमिक कंपनीत मोठा हिस्सा घेतला आणि २०२३ मध्ये स्दोत याममधलं उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. जिथे हा धंदा जन्मला, तिथलीच यंत्रं आधी बंद पडली.

पुढच्या लेखांकात : वाटा सारखा राहिला नाही, तेव्हा किबुत्झमध्ये पगार कसे ठरले?