मोरचूद, चुना आणि हायड्रॉक्साइड आयन

माध्यमिक शाळेत ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ हे प्रकरण सुरू झाले की फळ्यावर एक व्याख्या लिहिली जाते : जी आम्लारी पाण्यात विरघळून हायड्रॉक्साइड आयन देते, तिला अल्क म्हणतात. पाठोपाठ गुणधर्म येतात. स्पर्श बुळबुळीत, तांबडा लिटमस निळा होतो, आम्लाशी उदासिनीकरण होते. विद्यार्थी हे सारे पाठ करतात, पण हा आयन प्रत्यक्षात काय करतो याचे चित्र त्यांच्या मनात उभे राहत नाही. चांदवड तालुक्यातल्या विद्यार्थ्यांना ते शाळेबाहेरच पाहता येईल. वडनेर भैरवच्या परिसरात द्राक्षबागांवर बोर्डो मिश्रण फवारतात, आणि त्याचे रसायन याच आयनावर चालते.

या मिश्रणाचे नाव फ्रान्समधल्या बोर्डो शहरावरून पडले. तिथल्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांना १८८२ साली एका बागेत रस्त्याकडेच्या वेली केवडा रोगातून वाचलेल्या दिसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून मालकाने त्या वेलींवर मोरचूद व चुन्याचे पाणी शिंपडले होते. मिलार्दे यांनी प्रयोग करून १८८५ मध्ये ही कृती प्रसिद्ध केली. योगायोग असा की, पाण्यात पदार्थांचे आयन सुटे होतात हा आपला सिद्धांत आऱ्हेनियस यांनी १८८७ मध्ये सविस्तर मांडला. आपली अल्काची व्याख्या त्याच सिद्धांतातून आली आहे.

दोन द्रावणे एकत्र येतात तेव्हा

एक टक्का बोर्डो मिश्रणाची जुनी कृती सोपी आहे : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही पदार्थ वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत पाण्यात कालवतात आणि मग एकत्र करतात. मोरचुदाचे द्रावण निळे, पारदर्शक व किंचित आम्लधर्मी असते. त्यात कॉपरचे आयन मोकळे असतात. असे द्रावण तसेच फवारले तर हे आयन कोवळ्या पानांत शिरून ती करपवतात. चुन्याच्या पाण्यात हायड्रॉक्साइड आयन मोकळे असतात. दोन्ही मिसळताच हे आयन कॉपरच्या आयनांना पकडतात आणि फिकट निळा अवक्षेप तयार होतो :

कॉपर सल्फेट + कॅल्शियम हायड्रॉक्साइड → कॉपर हायड्रॉक्साइड + कॅल्शियम सल्फेट

प्रत्यक्षातील अवक्षेपात थोडे सल्फेटही अडकलेले असते, पण शाळेच्या पातळीवर हे समीकरण पुरेसे आहे. हा अवक्षेप पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पान भाजत नाही. पानावर त्याचा पातळ थर बसतो व त्यातून कॉपरचे आयन अगदी थोडे थोडे सुटत राहतात. तेवढे बुरशीच्या बीजाणूंना पुरतात.

चुना किती लागतो?

वरच्या वर्गांसाठी हे चांगले गणित आहे. मोरचुदाचा एक मोल म्हणजे सुमारे २५० ग्रॅम, म्हणून १ किलोत कॉपरचे ४ मोल आयन. प्रत्येक आयनाला दोन हायड्रॉक्साइड हवेत, म्हणजे एकूण ८ मोल. विझवलेल्या चुन्याचा एक मोल ७४ ग्रॅमचा असून तो दोन मोल हायड्रॉक्साइड देतो. म्हणून लागणारा शुद्ध चुना ४ मोल, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम.

इथे एक प्रश्न उभा राहतो. एका लिटर पाण्यात चुना जेमतेम १.७ ग्रॅम विरघळतो. १०० लिटरमध्ये झाला १७० ग्रॅम. मग ३०० ग्रॅमचे काम कसे होते? विरघळलेले हायड्रॉक्साइड वापरले गेले की तळाशी असलेला चुना आणखी विरघळतो. म्हणूनच वरची निवळी न घेता चुन्याचे दूध वापरतात.

मग कृतीत ३०० ग्रॅमऐवजी किलोभर चुना का? कारण बाजारातला चुना शुद्ध नसतो आणि तो ताजा असेलच असे नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे हायड्रॉक्साइड पुरेसे मिळत नाही. वजन किलोभर भरले तरी असा चुना कॉपर बांधून ठेवील याची खात्री नसते आणि कोवळी फूट करपण्याचा धोका राहतो. चांदवडचा होळकरांचा रंगमहाल अठराव्या शतकातला. त्या काळी सिमेंट नव्हते, दर्जे चुन्यानेच भरत. भिंतीतला चुना घट्ट होतो तो याच अभिक्रियेने. जी अभिक्रिया भिंतीला बळकटी देते, तीच फवारणीच्या चुन्याला निकामी करते.

म्हणून शेतकरी मिश्रणात लोखंडी विळा किंवा खिळा बुडवून पाहतात. त्यावर तांब्याचे तांबूस पुट चढले तर कॉपरचे आयन अजून मोकळे आहेत. अशा वेळी आणखी चुना घालतात. मात्र चुना फार झाला तर सामू चढतो. अनेक कीटकनाशके अल्कधर्मी द्रावणात विघटन पावतात, म्हणून बोर्डोत ती सहसा मिसळत नाहीत.

व्याख्या पुन्हा वाचताना

आता व्याख्येतला प्रत्येक शब्द तपासता येतो. कॉपर हायड्रॉक्साइड ही आम्लारी आहे, पण विरघळत नसल्याने अल्क नाही. अल्कोहोलच्या रेणूत ऑक्सिजन-हायड्रोजनची तीच जोडी असते, पण ती कार्बनशी सहसंयुज बंधाने बांधलेली असते व आयन होऊन सुटत नाही. उलट धुण्याच्या सोड्याच्या नावात हायड्रॉक्साइड नाही, तरी त्याचे द्रावण अल्कधर्मी असते, कारण कार्बोनेट आयन पाण्याकडून हायड्रोजन आयन घेतो आणि हायड्रॉक्साइड मागे उरतो. तेव्हा सूत्रात काय लिहिले आहे यापेक्षा पाण्यात मोकळे काय आहे, हे पाहावे.

वर्गात करून पाहा

ताजा विझवलेला चुना आणि बरेच महिने उघडा पडलेला चुना आणा. दोन्हींवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. बुडबुडे कोणत्या चुन्यातून जोरात येतात? मग दोन पेल्यांत ५० मिलिलिटर पाण्यात १-१ ग्रॅम मोरचूद विरघळवा. एकात ताज्या व दुसऱ्यात जुन्या चुन्याचे दूध थोडे थोडे घाला. दर वेळी लिटमस व स्वच्छ घासलेल्या खिळ्याने तपासा आणि किती चुना लागला ते लिहून ठेवा. कळीचा चुना पाण्यात टाकताना खूप उष्णता निघते व शिंतोडे डोळ्यांना इजा करतात, म्हणून ते काम शिक्षकांनी स्वतः करावे. मोरचूद विषारी आहे. प्रयोगानंतर हात साबणाने धुवावेत.

दोन्ही पेल्यांचे आकडे फळ्यावर लिहा आणि विद्यार्थ्यांना विचारा : जुन्या चुन्यातले हायड्रॉक्साइड गेले कुठे?