‘नेपथ्य’ : एक शब्द, तीन अर्थ

रंगविलेले पडदे, झोपडी, झाड, सिंहासन इत्यादी रंगमंचावरील देखावा म्हणजे नेपथ्य, हा अर्थ आज मराठीत रूढ आहे. शालेय स्नेहसंमेलनाच्या तयारीत शिक्षक याच अर्थाने तो शब्द वापरतात व त्यात काही चूक नाही. परंतु जुन्या नाटकातील उतारा शिकविताना तेवढाच अर्थ धरून चालल्यास विद्यार्थ्याची फसगत होते. ‘नेपथ्यातून आवाज येतो’ हे वाचून एखाद्या मुलाने ‘गुरुजी, रंगविलेले झाड बोलते काय?’ असे विचारले, तर तो दोष त्याचा नव्हे.

संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पडद्यामागील जागा. नट तेथे वेष करीत. त्या वेषरचनेसही नेपथ्यच म्हणत. भरताच्या नाट्यशास्त्रात नेपथ्याचे चार प्रकार सांगितले आहेत : डोंगर, रथ अशा कृत्रिम वस्तू म्हणजे पुस्त, माळा, दागिने व वस्त्रे म्हणजे अलंकार, अंग रंगविणे म्हणजे अंगरचना, आणि रंगमंचावर प्राणी आणणे म्हणजे सज्जीव. यांपैकी पुस्त हा प्रकार आजच्या अर्थास सर्वांत जवळचा होय.

कालिदासाच्या शाकुंतलात आरंभीच सूत्रधार नेपथ्याकडे पाहतो आणि नेपथ्य आटोपले असल्यास इकडे यावे, असे नटीस सांगतो. पहिले नेपथ्य ही जागा, दुसरे नेपथ्य ही वेषरचना. पुढे दुष्यंत हरिणावर बाण रोखतो, तोच नेपथ्यातून शब्द येतात की, हा आश्रमातील मृग आहे, यास मारू नये. बोलणारा अद्याप प्रेक्षकांस दिसलेला नसतो. तरी राजा रथ थांबवितो.

वर्गात हा भेद समजावून देण्यास फार साहित्य लागत नाही. दारावर एक चादर बांधावी. एका विद्यार्थ्याने राजा व्हावे, दुसऱ्याने चादरीआडून ते वाक्य म्हणावे. नंतर शिक्षकाने विचारावे : आवाज कोठून आला? आता येथे नेपथ्य म्हणजे काय? मुले उत्तर आपण होऊन देतील.

चादरीआडचे वाक्य म्हणण्यासाठी चारचौघांत उभे राहण्यास बुजणाऱ्या मुलाची अवश्य निवड करावी. कोणी पाहत नाही, या धीराने त्याचा आवाज मोकळा होतो. शब्दाचा अर्थ सर्व वर्गास कळेल आणि त्या एका मुलास आपला आवाज सापडेल.