सायरन वाजला, धावायचे कुणी?

लेखमाला : कायदा आपल्या दाराशी (भाग सातवा)

ऑक्टोबर 2021 मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात शहागडला बुलडाणा अर्बन पतसंस्थेच्या शाखेवर भरदिवसा पिस्तूल रोखून दरोडा पडला. असे काही घडले की सराफ, आडतदार, पतसंस्थांचे संचालक सगळेच सायरन बसवणाऱ्याला बोलावून घेतात. ती घाई समजण्यासारखी आहे. पण तो सायरन विनाकारण वाजला तर पुढे काय, हे ना विकणारा सांगतो ना घेणारा विचारतो.

आणि विनाकारण तो वाजतोच. शटरचा व्हायब्रेशन सेन्सर समोरून लोखंडाने भरलेला ट्रक गेला तरी हलू शकतो, आणि जालना तर स्टीलचे गाव. आतला सेन्सर हालचाल टिपतो म्हणजे खरे तर उष्णतेतला फरक टिपतो. त्याच्या तोंडावरून पाल सरकली तरी त्याला माणूस आल्यासारखे वाटते. लाइट जाते, बॅटरी उतरलेली असते, लाइट परत येते आणि पॅनल बिथरतो. मग ऑटो डायलर मालकाला फोन लावतो. मालक लग्नासाठी परगावी. दुसरा नंबर नोकरी सोडून गेलेल्या मॅनेजरचा. पहिल्या रात्री शेजारी काठ्या घेऊन बाहेर येतात. तिसऱ्या रात्री कूस बदलून झोपतात, आणि चोराला नेमके तेच हवे असते.

कायद्यात यावर थेट उत्तर नाही. खासगी सुरक्षा संस्थांसाठी 2005 चा केंद्रीय कायदा आहे, पण त्याचा रोख रखवालदार पुरवणाऱ्यांवर. त्यातल्या ‘खासगी सुरक्षे’च्या व्याख्येत चिलखती गाडीचा उल्लेख आहे, अलार्मचा नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 217 लोकसेवकाला खोटी माहिती देणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही सुनावू शकते. मात्र माहिती खोटी आहे हे त्याला ठाऊक असायला हवे. पालीने वाजवलेल्या सायरनला ते कसे लागणार? उरतात 2000 चे ध्वनिप्रदूषण नियम. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबलची. तिच्यापेक्षा आवाज 10 डेसिबलने वर गेला की तक्रार करता येते. पण तक्रार केली तरी कुलूपबंद दुकानातला सायरन बंद करायला किल्ली लागते, आणि ती कुणाकडे आहे याची पोलिसांकडे नोंद नसते.

अमेरिकेतल्या पोलिसांनी हा ताप फार सोसला. तिथे पोलिसांपर्यंत पोचणाऱ्या घरफोडीच्या अलार्मपैकी 94 ते 98 टक्के खोटे निघत. म्हणून अनेक शहरांनी अलार्मला परवाना आणि वारंवार वाजणाऱ्याला वाढता दंड लावला. सॉल्ट लेक सिटीने डिसेंबर 2000 पासून आणखी कडक नियम केला: आधी खासगी रक्षकाने जागेवर जाऊन खात्री करायची, मगच पोलीस येणार. अलार्मवर पोलिसांना धावावे लागण्याचे प्रमाण सुमारे 90 टक्क्यांनी घटले. आपल्याकडे पाहणी करणारा रक्षक प्रत्येक दुकानाला कुठून परवडणार, हा आक्षेप रास्त आहे.

त्यापेक्षा जवळचे उदाहरण पुणे, नाशिक आणि अहिल्यानगरच्या ग्रामीण भागात सापडते. तिथल्या ग्राम सुरक्षा यंत्रणेत एका टोल फ्री क्रमांकावर फोन करून संकट सांगितले की तोच आवाज नोंदणी झालेल्या गावकऱ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी वाजतो. मात्र सांगणाऱ्याने आपले नाव, गाव आणि घटनेचे ठिकाण स्पष्ट बोलायचे असते. अपुरा संदेश रद्द होतो आणि चुकीचे संदेश देणारा नंबर काळ्या यादीत जातो. इशारा देणाऱ्याचे नाव इशाऱ्याला जोडलेले राहते, हे या यंत्रणेचे मोठेच बळ आहे.

निनावी इशारा काय करतो, हे महाराष्ट्राने रक्त सांडून पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप अफवेवर विसंबून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. 2024 च्या पावसाळ्यात रात्रीच्या ड्रोनच्या चर्चेने मराठवाड्यातली गावेच्या गावे जागली. जालना जिल्ह्यातल्याच अंतरवाली सराटी गावावरच्या ड्रोनचा विषय विधिमंडळात गेला. अशा रात्री गावात कुणी अनोळखी वाटसरू असेल आणि एखादा सायरन फुकट वाजला, तर प्रश्न नुसत्या झोपमोडीचा राहत नाही.

जालन्यात 2023 पासून महानगरपालिका आहे आणि महापालिकेला उपविधी करण्याचे अधिकार कायद्यानेच दिले आहेत. सायरन बसवताना दोन किल्लीधारकांची नावे आणि चालू नंबर सदर बाजार किंवा कदीम जालना, जे हद्दीत असेल त्या पोलीस ठाण्यात द्यावेत, ठरावीक मिनिटांनी आवाज आपोआप थांबावा, पहिल्या चुकीला समज आणि पुढच्यांना वाढते शुल्क, एवढे त्यात लिहायला मोठा खर्च लागत नाही. उपविधी होईल तेव्हा होईल. तोवर दुकानदाराने डायलरमधले नंबर तपासावेत, त्याच्या सिमचे रिचार्ज चालू आहे का पाहावे आणि एक किल्ली गावातच राहणाऱ्या भरवशाच्या माणसाकडे ठेवावी.

पुढील भागात : दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण पोलिसांनी मागितले तर