खेळण्यांवर आधारित विज्ञानकल्पित सचेतन मालिका

बाजारात विक्रीसाठी आणलेल्या खेळण्यांच्या संचाला नावे, स्वभाव आणि परस्परसंघर्ष बहाल करून रचलेली, सचेतनपटाच्या तंत्राने चित्रित केलेली आणि दूरचित्रवाणीवरून क्रमशः दाखविली जाणारी विज्ञानकल्पिका. किंचित बदलत जाणारी चित्रे किंवा वस्तू एकेका चौकटीने टिपून हालचालीचा आभास निर्माण करणारा चित्रपट म्हणजे सचेतनपट. व्यवहारात त्याला ॲनिमेशन किंवा कार्टून म्हणतात. सामान्यतः कथा आधी जन्मते, तिच्यातील पात्र लोकप्रिय होते आणि मग त्याची बाहुली बाजारात येते. या प्रकारात हा क्रम उलटा असतो. खेळणे आधी तयार होते आणि ते विकले जावे म्हणून त्याला कथा लाभते. या प्रकाराची बहुतेक वैशिष्ट्ये आणि त्याच्यावरील बहुतेक आक्षेप या उलट्या क्रमातून उद्‌भवले आहेत.

उगम व पार्श्वभूमी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६९ मध्ये मॅटेल कंपनीच्या ‘हॉट व्हील्स’ या छोट्या मोटारगाड्यांवर त्याच नावाची सचेतन मालिका दाखविली जाऊ लागली. ही मालिका म्हणजे प्रच्छन्न जाहिरात होय, अशी तक्रार टॉपर या प्रतिस्पर्धी कंपनीने केली. तेथील संघराज्य संदेशवहन आयोगाने मालिकेचा काही भाग जाहिरातीच्या वेळेत मोजावा, असे मत दिले. त्यामुळे हा प्रयोग पुढे दशकभर थंडावला.

१९७७ मधील ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाने वातावरण बदलले. केनर कंपनीने त्यातील पात्रांच्या सु. पावणेचार इंच उंचीच्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या काढल्या. बाहुली लहान असल्याने तिला बसता येईल असे अंतराळयानही परवडणाऱ्या किंमतीत देता आले. एक बाहुली घेणाऱ्या मुलाला दुसरी, तिसरी आणि मग यानही हवेसे वाटू लागले. हॅस्ब्रो कंपनीने आपल्या ‘जी. आय. जो’ या १९६४ पासूनच्या सैनिक-बाहुल्याला १९८२ मध्ये हेच लहान आकारमान दिले आणि त्याच वर्षी मार्व्हल या प्रकाशनसंस्थेकडून त्यावर चित्रकथा काढविली. खेळण्याच्या जाहिरातीत सचेतन दृश्ये किती असावीत यावर निर्बंध होते. चित्रकथेच्या जाहिरातीवर मात्र ते नव्हते. म्हणून पुस्तकाची जाहिरात करून तिच्यात खेळणी हलती-बोलती दाखविण्यात आली.

मॅटेलने १९८२ मध्ये ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ ही खेळणी बाजारात आणली. त्यांवर आधारलेली फिल्मेशन संस्थेची ‘ही-मॅन’ ही मालिका सप्टेंबर १९८३ मध्ये सुरू झाली. तलवार व जादू यांच्या जोडीला तिच्यात किरणास्त्रे आणि विमानेही होती. पुढच्याच वर्षी आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींच्या वेळेवरील मर्यादा काढून टाकली आणि अशा मालिकांची लाट आली.

ट्रान्सफॉर्मर्स : या प्रकारातील सर्वांत टिकाऊ उदाहरण म्हणजे १७ सप्टेंबर १९८४ रोजी सुरू झालेली ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही मालिका. तिची खेळणी मूळची जपानच्या टाकारा कंपनीची. त्यांतील काही ‘डायाक्लोन’ या संचातील होती. त्यात मोटारींचे यंत्रमानव होत आणि त्यांना आतला चिमुकला माणूस चालवी. काही ‘मायक्रो चेंज’ या संचातील होती. त्यात पिस्तूल, ध्वनिमुद्रणयंत्र, सूक्ष्मदर्शक अशा घरगुती वापराच्या वस्तू उघडून यंत्रमानव बनत. हॅस्ब्रोने हे दोन्ही संच एकत्र करून एकाच नावाखाली अमेरिकेत आणले आणि त्यांना कथा देण्याचे काम मार्व्हलकडे सोपविले. संपादक जिम शूटर यांनी कथेचा आराखडा केला, नायक ऑप्टिमस प्राइम याचे नाव डेनी ओनील यांनी सुचविले आणि बहुतेक इतर पात्रांची नावे व स्वभाववर्णने बॉब ब्युडियान्स्की यांनी लिहिली. ही वर्णने खेळण्याच्या वेष्टनावर छापलेली असत. पात्राचे बळ, वेग, बुद्धिमत्ता इ. गुण दाखविणारा आलेख लाल पारदर्शक पट्टीतून पाहिल्यावरच वाचता येई.

कथेत चालक माणूस नाहीसा झाला आणि यंत्रे स्वतःच सजीव ठरली. सायबरट्रॉन या ग्रहावरील ऑटोबॉट व डिसेप्टिकॉन हे दोन यंत्रवंश ऊर्जेच्या टंचाईत एकमेकांशी लढतात. त्यांचे यान चाळीस लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवरील ज्वालामुखीवर आदळते आणि १९८४ मध्ये ते सर्व जागे होऊन पृथ्वीवरील यंत्रांची रूपे घेतात. पहिल्या तेल-टंचाईनंतर दहा वर्षांनी आलेल्या या कथेत इंधनाची लूट हा मध्यवर्ती विषय असणे लक्षणीय आहे.

विज्ञानाच्या दृष्टीने या कथेतील मोठी विसंगती तिच्या उगमातच आहे. एका संचातील खेळणी मोटारींच्या लघुप्रतिकृती, तर दुसऱ्यातील खेळणी खऱ्या वस्तूंएवढी होती. दोन्ही एकाच कथेत आल्यामुळे खलनायक मेगाट्रॉन हा काही मीटर उंचीचा यंत्रमानव आपल्या सहकाऱ्याच्या मुठीत मावणारे पिस्तूल बनतो. वस्तुमान अक्षय्य असते, या नियमाचा येथे भंग होतो आणि त्याचा कोणताही खुलासा मालिका देत नाही. जयंत नारळीकर यांच्यासारख्या लेखकाच्या विज्ञानकथेत प्रथम एखादी वैज्ञानिक शक्यता गृहीत धरली जाते आणि तिच्या परिणामांतून कथा वाढते. खेळण्यांच्या मालिकेत वस्तू प्रथम हाती येते आणि तिचे समर्थन करणारे विज्ञान मागाहून शोधले जाते. [⟶ विज्ञानकथा].

खेळण्याचे वेळापत्रक कथेवर कसा अंमल गाजविते, हे १९८६ च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ चित्रपटात स्पष्ट झाले. जुन्या खेळण्यांची जागा नव्यांना द्यावयाची असल्याने ऑप्टिमस प्राइमसह अनेक परिचित पात्रे त्यात मारली गेली. निर्मात्यांच्या लेखी तो मालाच्या यादीतील बदल होता. प्रेक्षागृहातील मुलांना मात्र ते प्रिय व्यक्तीचे मरण वाटले. मुलांच्या आणि पालकांच्या तीव्र प्रतिक्रिया उमटल्या आणि १९८७ मध्ये मालिकेत प्राइमला पुन्हा जिवंत करण्यात आले. विक्रीसाठी दिलेला जीव प्रेक्षकाने खरा मानला म्हणजे त्यावर विक्रेत्याची पूर्ण सत्ता उरत नाही, हे यातून दिसून आले. ९८ भागांनंतर ही मालिका १९८७ च्या अखेरीस संपली. पुढे त्याच पात्रांवर अनेक मालिका आणि २००७ पासून चित्रपट निघाले.

निर्मितिप्रक्रिया : चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी सरकतात. प्रत्येक चित्र दोन चौकटींपुरते ठेवले, तरी सेकंदाला १२ चित्रे लागतात. या हिशेबाने २२ मिनिटांच्या एका भागासाठी पंधरा हजारांहून अधिक चित्रे काढावी लागतील. हा खर्च टाळण्यासाठी मर्यादित सचेतनीकरणाचे तंत्र वापरले जाई. शरीर स्थिर ठेवून फक्त ओठ हलविणे, स्थिर चित्रावरून कॅमेरा फिरविणे आणि एकदा केलेली दृश्ये पुनःपुन्हा वापरणे, हे त्याचे मुख्य उपाय. ‘ही-मॅन’मधील नायकाच्या रूपांतराचे दृश्य प्रत्येक भागात तेच असे. पटकथा व ध्वनिमुद्रण अमेरिकेत आणि रेखाटन जपान वा दक्षिण कोरियात, अशी ‘ट्रान्सफॉर्मर्स’ची श्रमविभागणी होती. स्थानिक केंद्रांना मालिका विकताना ६५ भागांचा संच आदर्श मानला जाई. कारण आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे तो बरोबर १३ आठवडे, म्हणजे वर्षाचा एक चतुर्थांश काळ पुरतो.

जपानमधील वाटचाल : जपानमध्ये खेळणी-उत्पादक हे मालिकांचे पुरस्कर्ते असत. ‘माझिंगर झेड’ या १९७२ मधील मालिकेनंतर तिच्या नायक-यंत्राची ओतीव धातूची खेळणी १९७४ मध्ये निघाली. ‘मोबाइल सूट गुंडाम’ (१९७९) या मालिकेत दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी युद्धाचे दुःख दाखविले. खेळण्यांची विक्री समाधानकारक नसल्याने ५२ भागांची ही योजना ४३ भागांवर आटोपती घेण्यात आली. मात्र १९८० मध्ये बांदाई कंपनीने काढलेल्या जोडावयाच्या प्रतिकृतींना मोठी मागणी आली आणि मालिकेला दीर्घायुष्य लाभले. खेळण्याने मालिका बंद पाडली आणि खेळण्यानेच ती तारली.

नियंत्रण : चार-पाच वर्षांच्या मुलाला कार्यक्रम आणि जाहिरात यांतील फरक नीट कळत नाही, हा या मालिकांवरील मुख्य आक्षेप होय. पेगी चॅरेन यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या ‘ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ या संस्थेने त्यासाठी दीर्घ लढा दिला. त्यातून १९९० चा बालदूरचित्रवाणी अधिनियम संमत झाला. त्याने मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींना शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटे व इतर दिवशी १२ मिनिटे अशी मर्यादा घातली. तथापि ज्या खेळण्यावर मालिका आधारलेली आहे, त्याची जाहिरात त्याच मालिकेच्या वेळात दाखविली तरच तो आयोगाच्या नियमांचा भंग ठरला. मालिका स्वतः जाहिरात मानली गेली नाही.

भारतात केबल दूरचित्रवाणी नियम, १९९४ अन्वये जाहिरात ही कार्यक्रमापासून स्पष्टपणे वेगळी ओळखता आली पाहिजे. मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींसाठी जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वेही घालून दिली. संपूर्ण कथाच जेथे खेळण्याभोवती फिरते, तेथे ही सीमारेषा कोठे आखावी, हा प्रश्न या नियमांनीही पूर्णतः सुटत नाही.

महाराष्ट्र आणि गोवा : निर्जीव वस्तूला पडद्यावर हालते करण्याचा भारतातील आरंभ महाराष्ट्रातच झाला. दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्यांकडून कसरती करवून घेतल्या होत्या. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगचित्रपट विभाग सुरू झाला आणि राम मोहन यांच्यासारखे कलावंत तेथे घडले. या विभागाचा भर लोकशिक्षणावर असल्याने खेळण्याच्या व्यापाराशी त्याचा संबंध आला नाही.

विज्ञानकल्पित खेळण्यांच्या मालिकांचा परिचय भारतीय मुलांना मुख्यतः दूरदर्शनवरील ‘ही-मॅन’मुळे झाला. १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे उभारण्यात आले आणि राष्ट्रीय कार्यक्रम महानगरांबाहेर पोहोचले. खेळण्यांचा प्रवास मात्र इतका वेगवान नव्हता. मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीने मॅटेलच्या सहकार्याने ‘लिओ’ या नावाखाली ‘ही-मॅन’ची पात्रे बनविली. एम. आर. एफ. या टायर-उत्पादक कंपनीने हॅस्ब्रोच्या भागीदारीत १९८७ मध्ये फनस्कूल ही कंपनी स्थापिली व तिच्या गोव्यातील कारखान्यात ‘जी. आय. जो’चे सैनिक तयार होऊ लागले. वितळलेले प्लॅस्टिक दाबाने पोलादी साच्यात भरून अवयव घडविले जात आणि धड व पाय एका रबरी कडीने आतून जोडले जात. साचा हा या उद्योगातील सर्वांत खर्चिक भाग असल्याने अमेरिकेत वापरून झालेले साचे येथे आणले जात. रंग मात्र येथल्या सोयीप्रमाणे निवडले जात. त्यामुळे गोव्यात बनलेले सैनिक मूळ सैनिकांहून वेगळे दिसतात, आणि या वेगळेपणामुळेच परदेशांतील संग्राहक ते आवडीने जमवितात.

मराठवाड्यातील परभणीसारख्या कापूस व ज्वारी पिकविणाऱ्या जिल्ह्याच्या (१९९९ पर्यंत हिंगोलीचाही त्यात समावेश होता) संदर्भात या मालिकांचे स्वरूप बदलते. अमेरिकेत कथा पडद्यावर आणि खेळणे कोपऱ्यावरच्या दुकानात, असे जुळे गृहीत धरलेले होते. येथे प्रक्षेपणाबरोबर कथा आली. कारखान्यातील महागडे खेळणे मुख्यतः मोठ्या शहरांतील दुकानांपुरते राहिले. खेळण्याविना कथा म्हणजे जाहिरातदाराच्या दृष्टीने वाया गेलेला खर्च. पण मुलांच्या दृष्टीने ती निखळ कथाच होती. या भागातील खेळण्यांची परंपरा विटीदांडू, भोवरा, गोट्या आणि पोळ्याच्या सणाला पुजले जाणारे मातीचे बैल यांची आहे. मातीच्या बैलाच्या वेष्टनावर त्याचे गुण छापलेले नसतात. त्याची कथा घरातील, शेतातील बैलावरून मूल स्वतः रचते. सावंतवाडीची लाकडी खेळणीही याच जातीची होत. [⟶ खेळणी].

१९९५ मध्ये कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात सुरू झाल्यानंतर परदेशी मालिकांचा ओघ वाढला. जपानी भोवऱ्यांवर बेतलेली ‘बेब्लेड’ ही मालिका एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात येथे विशेष गाजली. मराठी मुले पिढ्यान्‌पिढ्या जाळीने फिरवीत आलेला भोवरा अशा रीतीने प्लॅस्टिकच्या रूपात, कथेसह आणि किंमतीसह परत आला. भारतीय मालिकांचा क्रम मात्र बहुधा जुनाच राहिला; ‘छोटा भीम’ (२००८) हे पात्र आधी लोकप्रिय झाले आणि त्याची खेळणी नंतर निघाली.

मूल्यमापन : या मालिकांनी यंत्रमानव, अन्य ग्रह, ऊर्जासंकट या कल्पना फार मोठ्या बालप्रेक्षकवर्गापर्यंत नेल्या. मात्र त्यांतील विज्ञान बहुधा सजावटीपुरतेच राहिले. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी याच्या अगदी उलट टोकाला आहेत. त्यांत कथा नसते, पण आगकाडी, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि कागद यांतून विज्ञानाचा नियम मुलाच्या हातात येतो. एक खेळणे विकत घेतल्यावर पुढचे विकत घ्यावेसे वाटते. दुसरे बनविल्यावर पुढचे बनवावेसे वाटते. तरीही पहिल्या प्रकाराचा केवळ धिक्कार करणे योग्य ठरत नाही. ऑप्टिमस प्राइमच्या मरणाने व्यथित झालेल्या मुलांनी दाखवून दिले, की खेळणे कोणी का बनवेना, ते एकदा मुलाच्या हाती गेले की त्यात प्राण मूलच घालते. ही शक्ती मुलाची असते. तिचा उपयोग कोणी व कशासाठी करून घ्यावा, हा या प्रकारासंबंधीचा मूळ प्रश्न आहे.