सोडण्यासारखं काय होतं?

1945 साली ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, एकमेकांपासून काही कोसांवर, दोन वेगळ्या कामांची सुरुवात झाली. मे महिन्यात झरी गावात वारल्यांची परिषद भरली. तिच्या मागे पुण्याच्या एका नामांकित वकिलाची मुलगी होती. डिसेंबरात बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र उघडलं. तिथे त्रेपन्न वर्षांच्या एक बाई आणि त्यांची पस्तिशीतली सहकारी मुलं गोळा करत हिंडत होत्या. गोदावरी परुळेकर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. आज आपण 'वेगळी वाट' म्हणून ज्या गोष्टी मासिकांत छापतो, त्यांचा या पट्ट्यातला हिशोब इथून मांडता येतो.

गोदावरीबाई मूळच्या गोखले. फर्ग्युसनमध्ये अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र, मग कायद्याची पदवी. महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. वडिलांचं नाव होतं, पुण्यात ओळखी होत्या, काळा कोट चढवला असता तर दार उघडं होतं. त्या भारत सेवक समाजात गेल्या आणि तिथल्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. त्या काळच्या सुशिक्षित पुण्याच्या नजरेत हीसुद्धा प्रतिष्ठेचीच जागा. 1939 साली शामराव परुळेकरांशी लग्न झालं, दोघंही समाज सोडून कम्युनिस्ट पक्षात आले. म्हणजे त्यांनी आधी एक रुळलेली वाट सोडली, आणि मग तिच्याऐवजी धरलेली दुसरीही.

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे उंबरगाव तालुक्यातून काही वारली आले होते. त्यांनी सांगितलेलं ऐकून गोदावरीबाई या मुलखात उतरल्या. वेठ होती, सावकाराची खावटी होती, आणि लग्नगडी होता: लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको जमीनदाराकडे वर्षानुवर्षं बांधले जात. झरीच्या परिषदेत वेठ आणि लग्नगडी बंद करण्याचं ठरलं. पाठोपाठ गवतकापणीचा संप झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, एवढीच मागणी. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचं पुस्तक या दिवसांवरचं. ते 1970 साली आलं आणि 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. वाचताना जाणवतं की शिकलेल्या कायद्याचा त्यांना इथे तसा थोडाच उपयोग झाला. कायदा ज्या कागदावर लिहिलेला असतो तो कागद वाचता येत नाही, आणि उमटलेला अंगठा कशाखाली आहे हेही कळत नाही, अशा माणसांबरोबर काम करायचं होतं. आज तलासरीत त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे.

बोर्डीची गोष्ट जरा निवांत सांगायला हवी, कारण तिथे शिकलेलं पुसून टाकण्याचं काम अधिक होतं. ताराबाई कोणी होतकरू शिक्षिका नव्हत्या. राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य राहून त्यांनी ते पद सोडलं होतं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालमंदिर चालवलं, नूतन बालशिक्षण संघ उभा केला, दादरला शिशुविहार काढलं. माँटेसरी पद्धतीत त्या मुरलेल्या होत्या. अनुताईंचं तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. त्यांनी अध्यापनाचा कोर्स केला, नाशिककडच्या चांदोरीला शिकवलं, पुण्यात हुजूरपागेत नोकरी केली, रात्रशाळेत बसून मॅट्रिक झाल्या. एका विधवेने नोकरीवर स्वतःचं पोट भरावं, ही त्या काळात लहान कमाई नव्हती. ती नोकरी सोडून त्या ताराबाईंबरोबर आल्या. बोरिवलीच्या एका शिबिरात झालेली ओळख तेवढी कारण ठरली.

बोर्डीत दोघींना पहिला धडा मिळाला तो असा, की केंद्र उघडलं म्हणून मुलं येत नाहीत. हरिजनवाड्यातली आणि आदिवासी पाड्यांवरची मुलं गावच्या बालवाडीत पाऊलही टाकेनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पहिला तास अक्षरांचा नव्हे, आंघोळीचा. नखं कापा, केस विंचरा, खरूज धुवा. माँटेसरीची घोटीव लाकडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, चिंचोके, बिया, बांबूच्या कामट्या आणि माती यांची साधनं झाली. 1956–57 च्या सुमारास हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथे पंचाईत आणखी वाढली. वारली घरातलं सात-आठ वर्षांचं मूल गुरांमागे जातं. ते शाळेत आलं तर गुरं कोण वळणार? मग शिक्षक साहित्याची पिशवी घेऊन कुरणावर जाऊ लागले. गुरं चरताहेत आणि झाडाखाली वर्ग चाललाय, ही कुरणशाळा. धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी बहीण घरी राहते, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. तिचं नाव विकासवाडी.

यात मला थक्क करतं ते त्यागापेक्षा व्यावहारिक डोकं. गैरहजेरीचं कारण विचारायचं आणि ते कारणच शाळेत सामावून घ्यायचं. आजच्या भाषेत कुणी याला स्टार्टअप म्हणेल. म्हणू द्यावं, पण फरक एवढाच की इथे गिऱ्हाइकाकडे द्यायला काहीच नव्हतं. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळालं, 1973 साली त्या गेल्या. अनुताई कोसबाडलाच राहिल्या. त्यांना पद्मश्री मिळाली 1985 साली, आणि 1992 च्या सप्टेंबरात त्या गेल्या तेव्हा बोर्डीला उतरून सत्तेचाळीस वर्षं होत आली होती. दरम्यान 1975 साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि देशभर अंगणवाड्या निघाल्या. अंगणात जाऊन शिकवण्याची बोर्डीची खटपट सरकारी झाली. त्या अंगणवाड्यांतल्या सेविकेला मात्र अजून पगार मिळत नाही, 'मानधन' मिळतं. सेवाभावाची ही परंपरा सरकारला फारच सोयीची पडली असं म्हणायला हरकत नाही.

या तिघींकडे पाहताना एक साधी गोष्ट नजरेआड होते. तिघींकडे सोडण्यासारखं काहीतरी होतं. पदवी, पद, पगार, शहर. ते नसतं तर त्यांच्या गोष्टीला 'वेगळी' म्हणायला आधारच उरला नसता. कुरणावर ज्या मुलाला त्या शिकवायला गेल्या त्याच्याकडे नेहमीची वाटच नव्हती, तर आडवाट कुठली?

थोडं उत्तरेला सरकू. 1960 साली राज्यं वेगळी झाली तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातली पन्नास गावं गुजरातेत गेली, आणि उरलेल्यांचा पुढे तलासरी तालुका झाला. त्या गेलेल्या गावांच्या पट्ट्यात, समुद्राकाठी, देहरी. तिथले भास्कर हिराजी सावे हे शाळामास्तर. त्यांनी नोकरी सोडून शेती धरली, रासायनिक खतांनी भरघोस पीक काढून आदर्श शेतकरी म्हणून नाव मिळवलं, आणि मग खतांचा खर्च नफ्याच्या पुढे पळतोय हे वहीत दिसल्यावर पन्नासच्या दशकाअखेरीस तेही सोडलं. 'कल्पवृक्ष' या त्यांच्या चौदा एकरांच्या वाडीत नारळ, चिकू, केळी. नांगरट नाही, फवारणी नाही, पाणी झाडाच्या बुंध्याशी न देता दूरच्या चरांत. जपानचे नैसर्गिक शेतीचे पुरस्कर्ते मासानोबू फुकुओका येऊन ती वाडी वाखाणून गेले. 2006 साली सावेंनी कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांना हरितक्रांतीचा जाब विचारणारं खुलं पत्र लिहिलं. 2015 साली त्र्याण्णव वर्षांचे होऊन ते गेले. सावेंचं वेगळेपण तत्त्वज्ञानात शोधतात. मला ते जमाखर्चात दिसतं. पण जमाखर्च मांडायला सातबारा आपल्या नावावर लागतो.

आता तलासरी तालुक्यातलं धामणगाव. तिथे 1934 साली जिव्या सोमा म्हशे जन्मले. लहानपणी आई गेली आणि मुलाने बोलणं टाकलं. धुळीत रेघोट्या ओढून तो काय ते सांगे. पुढे ते डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर आले आणि दुसऱ्यांच्या शेतात राबू लागले. वारली घरात चित्र म्हणजे लग्नाचा चौक. तो सुवासिनींनी लिहायचा, तांदळाच्या पिठाने, घरातल्या अंधाऱ्या भिंतीवर, मध्ये पालघट देवी. लग्न आटोपलं की चौकाचं काम संपलं. त्यावर पोट भरायची कल्पनाही नव्हती, आणि पुरुषाने चित्र काढत बसावं ही तर नव्हतीच नव्हती.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार इकडे आले. हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकरांनी त्यांना आधी दुष्काळातल्या बिहारमध्ये मधुबनीला पाठवलं होतं. तिथे बायकांच्या हाती कागद देऊन भिंतीवरची चित्रं विकण्याजोगी झाली होती. गंजाडच्या बाजूला त्यांनी तोच खटाटोप केला. बायकांनी कागदावर लिहिलं खरं, पण कागद मिळताच सुटला तो जिव्या. लग्न नाही, विधी नाही, तरी हा माणूस रोज चित्र काढतो. मुंग्यांची रांग, मासेमारीचं पसरलेलं जाळं, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर, आगगाडी. 1975 साली मुंबईत केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन, 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार, 2003 साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या शेजारी त्यांची चित्रं लागली. 2009 साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार, 2011 साली पद्मश्री. 15 मे 2018 रोजी ते गंजाडलाच गेले.

म्हशेंनी काही सोडलं नाही. सोडायला शेतमजुरीच होती, आणि शेती तर ते पुढेही करतच राहिले. त्यांनी जे केलं ते जास्त अवघड: नसलेला धंदा निर्माण केला. वारली चित्रकार असं काही जगात असू शकतं हेच त्यांच्याआधी कुणाला ठाऊक नव्हतं. त्याची एक बाजू क्वचितच बोलली जाते. चौक सुवासिनींचा होता. बाजार आला आणि नाव बहुतांशी पुरुषांचं झालं. बायकांचा विधी पुरुषांचा व्यवसाय होताना त्या बायकांना काय वाटलं, हे विचारण्याची गरज फारशी कुणाला भासली नाही.

पुढची कथा सर्वांना माहीत आहे. तारप्याचा फेर कुर्त्यांवर आला, कपांवर आला, मुंबईच्या सोसायट्यांच्या कुंपणभिंतींवर आला. तो काढणारा बहुतेक वेळा वारली नसतो.

मधल्या काळात डहाणू तालुक्याने आणखी एका तऱ्हेची माणसं पाहिली. घोलवडच्या चिकूच्या वाड्या इराणी कुटुंबांनी वाढवल्या. त्यांपैकी नर्गिस इराणी यांच्यासारख्या बागायतदार बाईने औष्णिक वीजकेंद्राच्या निमित्ताने पर्यावरणाचा कायदा धुंडाळायला घेतला. जून 1991 मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, 1996 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं आणि 1998 साली डहाणूच्या किनाऱ्यावरचं नियोजित वाढवण बंदर अडलं. 2016 साली घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं; बोर्डीच्या प्रियंका सावे यांनी तर चिकूची वाईन बाजारात आणली. पिकलेला चिकू चार दिवस टिकत नाही हे रडगाणं वाडीवाल्यांच्या तीन पिढ्या गात होत्या, त्यावर बाटली हे उत्तर काही वाईट नाही.

पण तलासरीच्या पाड्यावरच्या मुलाची नेहमीची वाट या साऱ्यापासून दूर होती आणि आहे. उंबरगाव, वापी, सिल्वासाच्या कारखान्यांत कंत्राटी कामगार. किंवा खलाशी: पावसाळा सरला की सौराष्ट्रातल्या बोटींवर महिनोन्‌महिने समुद्रात. त्यांतल्या काहींना हद्द ओलांडल्याबद्दल पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षं काढावी लागली. एप्रिल 2013 मध्ये चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हा मुंबईची नोकरी राहतं घर न सोडता करता येऊ लागली. आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी त्याच वाढवण बंदराचं भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. सुमारे 76,000 कोटींचा प्रकल्प आहे, हजारो रोजगारांची भाषा आहे. मच्छीमार विरोधात आहेत. त्यांच्याजवळ सोडायला समुद्र आहे आणि तो त्यांना सोडायचा नाही.

याच काळात गंजाडमध्ये एक नवी गोष्ट घडली. तुषार आणि मयूर वायेडा हे भाऊ शिकले, शहरात करिअर करता येईल अशा बेताने शिकले, आणि गावी परतून चित्रकार झाले. 2021 साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात त्यांचं काम होतं. वारली चित्रकार राजेश वांगड 2013 पासून छायाचित्रकार गौरी गिल यांच्याबरोबर काम करताहेत: गिल यांच्या फोटोवर वांगड यांची रेघ, धरणं, कारखाने आणि गेलेली जंगलं त्याच फोटोत परत काढलेली. झरीच्या परिषदेला सात-आठ दशकं झाल्यावर या मुलखातल्या आदिवासी घरांत अशी पिढी आली की जिच्याकडे सोडण्यासारखं काहीतरी आहे. पदवी आहे, शहरातली नोकरी मिळू शकते, आणि तरी ती नको म्हणता येते. गोदावरीबाईंना जे 1939 साली घरच्या बळावर करता आलं ते इथे पोचायला एवढा वेळ लागला.

म्हशेंचे मुलगे सदाशिव आणि बाळू हेही चित्रकारच. त्या घरात आता चित्र काढणं हा वडिलांचा धंदा आहे, जसा सुताराचा किंवा सोनाराचा असतो. गंजाडला पाड्यापाड्यावर ब्रश चालतो, परदेशी पाहुणे येतात, जपानला जाऊन आलेली माणसं आहेत. अशा गावात एखाद्या मुलीने उद्या सी.ए. व्हायचं ठरवलं, तर घरचे विचारतील की हे कसलं भलतंच खूळ.